घरचा माणूस गेल्यावर पीएफ, पेन्शन आणि विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न लोकांनीच पाठवलेले आहेत. त्यांची भाषा थोडी नीट केली आणि एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले, एवढंच. ज्यांचा पीएफ ईपीएफओकडे, म्हणजे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे कापला जायचा, त्यांच्या घरच्यांसाठी ही माहिती आहे. त्यात कारखाना, खासगी कंपनी, कंत्राटदार, दवाखाना, विनाअनुदानित शाळा, सगळं आलं. सरकारी नोकरांचा जीपीएफ आणि एनपीएस यांचे नियम वेगळे आहेत.

१. बाबा नोकरीत असतानाच गेले. आम्हाला नेमकं काय काय मिळू शकतं?

तीन गोष्टी मिळतात आणि त्या तीन वेगळ्या योजनांतून येतात. पहिली पीएफची शिल्लक (१९५२ ची योजना): बाबांचा हिस्सा, कंपनीचा हिस्सा आणि व्याज, एकरकमी. दुसरी पेन्शन (ईपीएस, १९९५): पत्नीला किंवा पतीला दरमहा आणि मुलांना वेगळी. तिसरी विम्याची रक्कम (ईडीएलआय, १९७६): एकरकमी. या विम्याचा हप्ता बाबांच्या पगारातून कधी कापलाच गेला नव्हता, तो कंपनी भरते. त्यामुळे पगाराच्या स्लिपवर तो दिसत नाही आणि घरात कुणाला माहीतही नसतो.

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे. घरचे पीएफ काढतात, खात्यात पैसे आले की फाइल बंद करतात, आणि पेन्शन व विमा तसाच पडून राहतो. तिन्हींचा अर्ज एकदमच करा. कसा, ते प्रश्न २ मध्ये.

२. अर्ज कोणता भरायचा? कुणी फॉर्म २० सांगतं, कुणी १०-डी, कुणी ५-आयएफ.

तिघेही बरोबर सांगतात. फॉर्म २० पीएफसाठी, १०-डी पेन्शनसाठी, ५-आयएफ विम्यासाठी. पण २०१७ पासून मृत्यूच्या प्रकरणांसाठी या तिन्हींचा मिळून एक संयुक्त अर्ज आहे, 'कंपोझिट क्लेम फॉर्म (डेथ केसेस)'. तोच घ्या. त्यात तुम्ही कशाकशाची मागणी करताय त्यावर खूण करायची असते. तिन्ही लागू असतील तर तिन्हींवर खूण करा. इथे एक चौकट कोरी राहिली की पुढे वर्षभर पत्रव्यवहार करावा लागतो.

अर्ज ज्या कार्यालयात खातं आहे तिथे जातो. तुम्ही राहता तिथल्या कार्यालयात नाही. खाते क्रमांकाची सुरुवातीची अक्षरं बघा: एमएचबीएएन म्हणजे वांद्रे, पीयूपीयूएन म्हणजे पुणे. माणूस सांगलीचा असला तरी नोकरी मुंबईत केली असेल तर फाइल वांद्र्याला असू शकते.

३. कागदपत्रं कोणती लागतात?

मृत्यूचा दाखला, अर्ज करणाऱ्या प्रत्येकाचं आधार, प्रत्येकाच्या स्वतःच्या बँक खात्याचा रद्द केलेला चेक किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, फोटो, आणि मुलं २५ वर्षांच्या आतली असतील तर त्यांच्या वयाचा पुरावा. जन्माचा दाखला नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला चालतो. जुन्या नोकरीचं स्कीम सर्टिफिकेट (आधीच्या पेन्शन-सेवेचा ईपीएफओचा दाखला) घरात सापडलं तर तेही जोडा, पेन्शनसाठीची सेवा त्यात मोजली जाते.

बँक खातं जॉइंट नको. पत्नीच्या एकटीच्या नावाचं खातं नसेल तर आधी ते उघडा, मगच अर्ज भरा.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. गावाकडे मृत्यू झाला असेल तर ग्रामपंचायतीत, शहरात झाला असेल तर नगरपालिका किंवा महापालिकेत. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, आणि दाखला नसेल तर इथलं काहीच पुढे सरकत नाही.

४. हे सगळं घरबसल्या ऑनलाइन होतं का?

गेलेल्या व्यक्तीने हयातीत ई-नॉमिनेशन केलं असेल, म्हणजे पोर्टलवर ऑनलाइन नॉमिनी नोंदवला असेल, तर होतं. ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर लाभार्थ्याने मृत्यूचा दावा भरण्याची वेगळी लिंक आहे. तिथे गेलेल्या व्यक्तीचा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) आणि नॉमिनीचं नाव, जन्मतारीख, आधार टाकलं की नॉमिनीच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. कंपनीची सही लागत नाही.

ई-नॉमिनेशन नसेल तर कागदी अर्ज. गेलेल्या व्यक्तीच्या लॉगिनमधून, त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी वापरून 'पैसे काढण्याचा' अर्ज मात्र कधीही करू नका. काही सायबर कॅफेवाले हा सल्ला सर्रास देतात. तो दावा मयत माणसाच्या नावाने केलेला ठरतो, आणि त्यातून पेन्शन व विम्याचं प्रकरण कायमचं गुंतून बसतं.

५. नॉमिनी म्हणून कुणाचंच नाव नाही. पैसे बुडाले का?

नाही. नॉमिनी नसेल तर पीएफची रक्कम कुटुंबातल्या व्यक्तींत सारखी वाटली जाते. पण 'कुटुंब' कुणाला म्हणायचं हे योजनेनं ठरवलेलं आहे. पुरुष खातेदार असेल तर पत्नी, मुलं, त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडील, आणि आधी वारलेल्या मुलाची पत्नी व मुलं. स्त्री खातेदार असेल तर पती, मुलं, अवलंबून असलेले आई-वडील, तसेच अवलंबून असलेले सासू-सासरे, आणि वारलेल्या मुलाची पत्नी व मुलं. भाऊ-बहीण या यादीत नाहीत.

आता यातली मेख. वाटणीच्या वेळी सज्ञान मुलाला आणि नवरा हयात असलेल्या विवाहित मुलीला हिस्सा मिळत नाही, जर कुटुंबात दुसरं कुणी हक्कदार असेल तर. समजा वडील गेले. मागे आई, तीस वर्षांचा मुलगा, लग्न झालेली मुलगी आणि वडिलांवरच अवलंबून असलेली आजी. तर रक्कम आई आणि आजी यांच्यात निम्मी-निम्मी होते. मुलगा 'मी वारस आहे' म्हणून कितीही भांडला तरी कार्यालय त्याच्या नावाने पैसे काढत नाही. अनेक घरांत हे ऐकून धक्का बसतो, कारण जमिनीच्या वाटणीत असं नसतं.

६. मग वारस दाखला लागतो का? तलाठ्याकडून आणलेला चालेल?

वरच्या यादीतलं कुटुंब असेल तर सहसा लागत नाही. कुटुंबातल्या व्यक्तींची नावं, नाती आणि पुरावे पुरतात. नॉमिनी नाही आणि कुटुंबही नाही, फक्त भाऊ किंवा पुतण्या आहे, अशा वेळी कायद्याने हक्क कुणाचा ते सिद्ध करावं लागतं. महाराष्ट्रात वारस प्रमाणपत्र दिवाणी न्यायालय देतं (त्याचा आधार १८२७ चं मुंबई रेग्युलेशन ८ हा आहे), आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली मिळतं. सातबाऱ्यावरची वारसनोंद जमिनीपुरती असते. ती घेऊन पीएफ कार्यालयात गेलात तर परत पाठवतील.

७. लग्नाआधी त्यांनी आईचं नाव नॉमिनी म्हणून दिलं होतं, नंतर बदललंच नाही. आता सासूबाई म्हणतात पैसे त्यांचे.

हा प्रश्न जवळजवळ दर आठवड्याला येतो, दोन्ही बाजूंनी. लग्नानंतर नॉमिनेशन नव्याने करावं लागतं, लग्नाआधीचं ग्राह्य धरत नाही, अशी ईपीएफओची भूमिका आहे. तेव्हा पत्नीने 'नॉमिनी मी नाही' म्हणून गप्प बसू नये. लग्नाचा पुरावा जोडून स्वतःचा अर्ज करावा आणि कार्यालयाला लेखी कळवावं की आधीच्या नॉमिनेशनवर पैसे देऊ नयेत. पैसे एकदा गेले की परत मिळवायला न्यायालयाचीच पायरी.

पण सासूबाई मुलावर अवलंबून होत्या, तर प्रश्न ५ प्रमाणे त्याही कुटुंबात येतात आणि त्यांचा सारखा हिस्सा आहे. बहुतेक भांडणं इथे मिटू शकतात: दोघींनी एकत्र अर्ज करायचा, दुसरं कुणी हक्कदार नसेल तर पीएफ आणि विमा निम्मा-निम्मा. पेन्शन मात्र पत्नीचीच आणि मुलांची. पत्नी हयात असताना सासूला ती मिळत नाही. वकील गाठण्याआधी दोघींनी हे एकदा समोरासमोर बसून वाचावं, असं आमचं मत.

८. नॉमिनी मी एकटाच आहे. म्हणजे सगळे पैसे माझे, बरोबर?

ईपीएफओ पैसे तुमच्याच हाती देईल. पण इतर कायदेशीर वारसांचा त्यावर हक्क राहतो का, हा पुढचा वाद दिवाणी न्यायालयाचा. सरकारी भविष्य निर्वाह निधीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलं की नॉमिनी रक्कम स्वीकारतो, पण ती वारसा कायद्याप्रमाणे वाटली जाते. मिळालेल्या पैशाचा हिशेब ठेवा.

आणखी एक: कुटुंब असताना भावाला किंवा मित्राला नॉमिनी केलं असेल तर ते नॉमिनेशनच अवैध. विवाहित मुलगी नॉमिनी असेल तर मात्र ते पूर्ण वैध आहे. प्रश्न ५ मधली विवाहित मुलीची अडचण फक्त नॉमिनेशन नसताना येते.

९. मुलं लहान आहेत. त्यांच्या वाट्याचे पैसे कोण घेणार? कोर्टातून पालकत्वाचा दाखला आणायला सांगतात.

आई किंवा वडील हयात असतील तर तेच नैसर्गिक पालक म्हणून मुलांच्या वतीने अर्ज करतात. दोघेही नसतील तर पूर्वी मामा, काका, आजोबांना न्यायालयातून पालकत्वाचा दाखला आणावा लागायचा आणि त्यात वर्ष-दीड वर्ष जायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये ईपीएफओने परिपत्रक काढलं: रक्कम थेट अज्ञान मुलाच्या स्वतःच्या बँक खात्यात जाणार असेल तर हा दाखला मागायचा नाही. तेव्हा मुलाच्या नावाने खातं उघडा, आणि खिडकीवर दाखला मागितला तर या परिपत्रकाचा अर्जातच उल्लेख करा.

१०. विम्याचे किती मिळतात? सगळ्यांना सात लाख मिळतात असं ऐकलं.

सात लाख ही कमाल मर्यादा. हिशेब असा: शेवटच्या १२ महिन्यांचा सरासरी पगार (मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, पण १५,००० रुपयांपर्यंतच धरायचा) गुणिले ३५, अधिक त्याच काळातल्या पीएफच्या सरासरी शिलकीची निम्मी रक्कम, तीही १,७५,००० पर्यंतच.

समजा मूळ पगार १८,००० होता आणि सरासरी शिल्लक २,४०,०००. पगार १५,००० धरला, म्हणून ५,२५,०००. शिलकीचे निम्मे १,२०,०००. एकूण ६,४५,०००. पगार ९,००० आणि सरासरी शिल्लक ८०,००० असेल तर ३,१५,००० अधिक ४०,०००, म्हणजे ३,५५,०००. वर्षभर सलग नोकरी झाली असेल तर किमान अडीच लाख मिळतातच.

२०२५ मध्ये तीन चांगल्या सुधारणा झाल्या. नोकरीला वर्ष पूर्ण होण्याआधी मृत्यू झाला तरी किमान ५०,००० मिळतात. दोन नोकऱ्यांच्या मध्ये दोन महिन्यांपर्यंत खंड असेल तरी सेवा सलग धरतात. आणि आजारपणात बिनपगारी रजेवर असताना, शेवटचा हप्ता भरल्यापासून सहा महिन्यांच्या आत मृत्यू झाला, पण नाव कंपनीच्या पटावर होतं, तर विमा मिळतो. कॅन्सर, डायलिसिस अशा लांबलेल्या आजारांत ही तिसरी सुधारणा फार मोलाची आहे. आधी अशाच घरांचे दावे फेटाळले जायचे.

११. मृत्यू कामावर झाला नाही, घरी झाला. आत्महत्या होती. विमा मिळेल का?

मिळेल. नोकरीत असताना मृत्यू झाला, एवढंच बघतात. कुठे झाला आणि कशाने झाला, अशी अट या योजनेत नाही. पोलिसांचे कागद दडवायची गरज नाही आणि ते मुद्दाम जोडायचीही नाही. मृत्यूचा दाखला पुरतो.

१२. त्यांनी नोकरी सोडून दोन वर्षं झाली होती. तरी काही मिळतं?

पीएफची शिल्लक मिळते. विमा मिळत नाही. पेन्शन सेवेवर अवलंबून: दहा वर्षं किंवा जास्त सेवा झाली असेल आणि ५८ वर्षांआधी मृत्यू झाला, तर पत्नीला/पतीला आणि मुलांना पेन्शन लागते. दहा वर्षांपेक्षा कमी असेल तर दरमहा पेन्शन नाही, पेन्शन खात्याचा एकरकमी लाभ मिळतो.

उलट नोकरीत असताना मृत्यू झाला तर दहा वर्षांची अटच नाही. पेन्शन खात्यात एका महिन्याचा भरणा झाला असेल तरी कुटुंबाला पेन्शन लागू होते. 'दहा वर्षं झाली नव्हती, मग कसली पेन्शन' असं कंपनीतल्या बाबूने सांगितलं म्हणून कितीतरी तरुण विधवांनी अर्जच केलेला नसतो.

१३. पेन्शन किती बसते आणि कधीपर्यंत?

नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर त्या दिवशी ते निवृत्त झाले असते तर जी पेन्शन बसली असती ती, किंवा योजनेच्या तक्त्यातली रक्कम, किंवा १,००० रुपये, यांपैकी जी जास्त असेल ती. पेन्शनचं सूत्र: पेन्शनपात्र पगार (शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी) गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पेन्शन घेत असताना मृत्यू झाला तर मात्र पत्नीला त्यांच्या पेन्शनच्या निम्मी, किमान १,०००.

आकड्यात: पेन्शनपात्र पगार १४,०००, सेवा १० वर्षं, म्हणजे २,०००. नोकरीत असताना गेले तर पत्नीला निदान २,०००, पेन्शन सुरू झाल्यावर गेले तर १,०००. रक्कम छोटी आहे, मान्य. पण ती आयुष्यभर मिळते.

पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते. त्यामुळे उशिरा अर्ज केला तरी मधल्या काळाची थकबाकी मागा.

१४. मुलांना वेगळी मिळते का?

हो, पत्नीच्या पेन्शनबरोबरच. प्रत्येकाला विधवा पेन्शनच्या २५ टक्के, किमान २५०, एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. तिसरं मूल असेल तर मोठ्याची २५ वर्षं पूर्ण झाल्यावर त्याची पाळी येते. आई-वडील दोघेही नसतील तर अनाथ पेन्शन ७५ टक्के, किमान ७५०. कायमचं अपंगत्व असलेल्या मुलाला वयाची अट नाही, त्याला आयुष्यभर मिळते; त्याचं प्रमाणपत्र पहिल्याच अर्जाला जोडा.

१५. बायको गेली. नवऱ्याला पेन्शन मिळते? मी स्वतः नोकरी करतो.

मिळते. नियम तेच, रक्कमही तशीच काढतात. तुमची नोकरी किंवा पगार आड येत नाही. अर्ज करा, पुरुषांकडून हे अर्ज फारच कमी येतात.

१६. मुलगा अविवाहित होता. आम्ही आई-वडील.

पीएफ आणि विमा: नॉमिनी असाल तर त्याप्रमाणे, नसाल तर अवलंबून असलेले पालक म्हणून (प्रश्न ५). पेन्शनच्या योजनेत 'कुटुंब' म्हणजे फक्त जोडीदार आणि मुलं. ती नसतील तर पेन्शनसाठी नेमलेल्या नॉमिनीला, आणि नॉमिनीही नसेल तर अवलंबून असलेल्या वडिलांना, त्यांच्यामागे आईला.

१७. मी पुन्हा लग्न केलं तर पैसे परत मागतील का?

पीएफ आणि विम्याचे पैसे तुमचेच, ते कुणी परत मागत नाही. तुमची पेन्शन थांबते. मुलांची थांबत नाही, उलट ती अनाथ पेन्शनच्या दराने वाढते. म्हणून लग्न झाल्याचं आपण होऊन कळवण्यात मुलांचा फायदाच आहे. लपवलं आणि नंतर उघड झालं तर घेतलेली पेन्शन वसूल होते.

१८. कंपनी बंद पडली / कंत्राटदार पळाला / मालक सही करत नाही.

मालकाची सही हा अर्जाचा प्राण नाही. त्याच्या जागी राजपत्रित अधिकारी, दंडाधिकारी, पोस्टमास्तर, सरपंच, आमदार-खासदार, किंवा तुमचं खातं असलेल्या बँकेचा मॅनेजर यांचं साक्षांकन चालतं. मालकाने सही का केली नाही हे एका कागदावर चार ओळींत लिहून जोडा.

चाकण, वाळूज, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींतल्या कंत्राटी कामगारांच्या घरच्यांनी एवढं पक्कं धरावं: कंत्राटदाराने पीएफ भरला नसेल तर ज्या कारखान्यात काम केलं त्या मूळ मालकावर जबाबदारी येते. पगाराच्या स्लिपवर कपात दिसते पण पीएफच्या पासबुकात भरणा नाही, असं असेल तर स्लिपा, हजेरी कार्ड, गेटपास, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, जे हाती लागेल ते घेऊन पीएफ आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. पीएफ कायद्याखाली चौकशी होऊन मालकाकडून वसुली होते. वेळ लागतो, पण घर सोडून गावी परत जाताना हे कागद रद्दीत टाकू नका.

१९. नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत आला.

मराठी नावांत हे होणारच. पीएफच्या नोंदीत 'शिंदे एस. आर.', आधारवर 'सुरेश रामभाऊ शिंदे', मृत्यूच्या दाखल्यावर 'सुरेश रामचंद्र शिंदे'. बायकांच्या बाबतीत तर माहेरचं नाव, सासरचं नाव, मधल्या नावाच्या जागी कधी वडील कधी नवरा. आडनाव आधी की नंतर, याने संगणक अडतो तो वेगळाच.

आधी तीन कागद शेजारी ठेवा आणि नेमकं कुठे चुकलंय ते बघा. दाखल्यावर चूक असेल तर ती जिथे मृत्यूची नोंद झाली तिथेच दुरुस्त होते. पीएफच्या नोंदीत चूक असेल तर जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे दुरुस्तीचा संयुक्त अर्ज. मयताच्या बाबतीत ते नॉमिनी किंवा वारसाने, कंपनीमार्फत, पुराव्यांसह द्यायचं. गेलेल्या माणसाचं आधारच पीएफ खात्याला जोडलेलं नसेल, किंवा त्यात चूक असेल, तर मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कार्यालयप्रमुखाच्या मंजुरीने कागदी दावा आधारच्या जोडणीशिवायही निकाली काढता येतो. 'आधार लिंक नाही, काही होणार नाही' हे उत्तर स्वीकारू नका.

२०. कंपनीने नोकरी संपण्याचं कारण 'राजीनामा' असं टाकलंय.

ताबडतोब बदलून घ्या. कारणाच्या जागी 'नोकरीत असताना मृत्यू' असंच हवं. एचआरमधल्या मुलाने यादीतला पहिला पर्याय निवडलेला असतो, पण त्या एका क्लिकमुळे विमा नाकारला जातो आणि पेन्शनला दहा वर्षांची अट लागते (प्रश्न १२). नोकरी संपल्याची तारीखही मृत्यूच्या तारखेशी जुळते का ते बघा.

२१. कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट आहे.

म्हणजे पीएफचे पैसे ईपीएफओऐवजी कंपनीचा ट्रस्ट सांभाळतो. मग पीएफच्या रकमेचा अर्ज ट्रस्टकडे, पेन्शनचा तरीही ईपीएफओकडे. विमा काही कंपन्यांनी सवलत घेऊन खासगी गट विमा योजनेत ठेवलेला असतो. त्याची रक्कम ईडीएलआयपेक्षा कमी असता कामा नये. तो नेमका कुठे आहे ते कंपनीकडून लेखी घ्या.

२२. त्यांच्यावर कर्ज होतं. बँक किंवा सोसायटी हे पैसे अडवू शकते का?

नाही. पीएफ कायद्याप्रमाणे नॉमिनीला मिळणारी रक्कम मयताच्या किंवा नॉमिनीच्या आधीच्या कर्जापासून मुक्त असते, तिच्यावर जप्ती येत नाही. पतपेढीच्या माणसाने दारात येऊन 'पीएफ आला की आमचं आधी' म्हटलं तरी तसं लिहून देऊ नका.

२३. कर लागतो का?

पीएफची रक्कम आणि विमा यांवर नाही. कुटुंब पेन्शन मात्र 'इतर उत्पन्न' म्हणून धरतात. नव्या करप्रणालीत तिच्यातून एक तृतीयांश किंवा २५,०००, यांतलं जे कमी ते वजा होतं. नुसती ईपीएसची पेन्शन असेल तर कर भरायची वेळ येतच नाही.

२४. दहा वर्षं झाली. आता अर्ज करून उपयोग आहे?

आहे. मृत्यूनंतर तीन वर्षं दावा आला नाही तर खातं निष्क्रिय होतं आणि व्याज थांबतं, पण मुद्दल जात नाही. पेन्शनचं प्रश्न १३ मध्ये सांगितलंच आहे. यूएएन २०१४ मध्ये आला, त्याआधीच्या खात्यांना जुना क्रमांक असतो. तो जुन्या स्लिपवर, नेमणूकपत्रावर, कधी पीएफच्या पोस्टाने आलेल्या वार्षिक चिठ्ठीवर सापडतो. एकाहून जास्त नोकऱ्या असतील तर सगळे क्रमांक एकाच अर्जात लिहा.

२५. अर्ज देऊन महिने झाले, काहीच कळत नाही. एजंट दहा टक्के मागतोय.

अर्ज पूर्ण असेल तर २० दिवसांत निकाल लागायला हवा. विनाकारण उशीर झाला तर आयुक्तांवर १२ टक्के व्याजाची जबाबदारी येते. म्हणून अर्ज देताना पोचपावती घ्याच, २० दिवस तिच्यावरच्या तारखेपासून मोजतात. त्यानंतर ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर नोंद करा किंवा १४४७० वर फोन करा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यांत 'निधी आपके निकट' शिबिर असतं. मृत्यूच्या प्रकरणाची फाइल घेऊन तिथे गेलात तर अधिकारी समोर भेटतो, आणि बऱ्याचदा नेमकं काय अडलंय ते तिथेच कळतं.

अर्ज फेटाळला तर कारण लिहून मागा आणि तेवढीच त्रुटी दुरुस्त करा. दर वेळी नवा अर्ज टाकत राहिलात तर फाइली दोन होतात. एजंट यातलं काहीही जास्त करत नाही.

२६. ग्रॅच्युइटी आणि ईएसआयसी यातच येतं का?

नाही, त्यांचे अर्ज वेगळे. ग्रॅच्युइटी कंपनीकडे मागायची. मृत्यू झाला असेल तर पाच वर्षं सेवेची अट लागू नाही. ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापली जात असेल तर अंत्यविधीसाठी १५,००० पर्यंत खर्च मिळतो, आणि मृत्यू कामावरच्या अपघाताने झाला असेल तर आश्रितांना पगाराच्या ९० टक्के दराने मासिक लाभ. तो पीएफच्या पेन्शनव्यतिरिक्त.

२७. आजोबा पेन्शन घेत होते. ते गेले, पण पेन्शन खात्यात येतेच आहे आणि एटीएममधून काढलीही गेली.

काढणं थांबवा आणि बँकेला व पीएफ कार्यालयाला मृत्यूच्या दाखल्यासह कळवा. मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम वसूल होते. दरवर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखला थांबला की पेन्शन आपोआप बंद पडते, म्हणून गोष्ट लपून राहत नाही. आणि लपवण्यात तोटा आजीचाच: आजोबांच्या पीपीओवर (पेन्शन देण्याच्या आदेशावर) तिचं नाव असतं, आणि तिची स्वतःची पेन्शन सुरू होणं तोपर्यंत लांबतं. जास्तीची रक्कम घरात नसेल तर तिच्या थकबाकीतून वळती करून घ्यावी, असा अर्ज देता येतो. जानेवारी २०२५ पासून पेन्शन कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते, तेव्हा आजी गावी राहायला गेली तरी पीपीओ बदलायची गरज नाही. तिच्या एकटीच्या नावाचं खातं मात्र हवं.